मुठीतले साबुदाणे

एका माळकरी बाईला मी तिच्याच देवघरासमोर मांडी घालून सांगितलं, की मावशी, तुम्ही रोज सकाळी आंघोळ करून ज्याला हात लावता ते माशाचं कातडं आहे. मला कुणी विचारलं नव्हतं.

माझा धंदा तलवारींचा. घाबरू नका, धार लावण्याचा नव्हे. सैल झालेल्या मुठी बसवणं, म्यानाला नवं मखमल चढवणं, गंज उतरवणं, एवढंच. नागपूरच्या महाल भागात आमचं दुकान. वडिलांनी सुरू केलं, मी रेटलं, आणि आता तिथे मुलगा क्रिकेटच्या ट्रॉफ्या आणि सत्काराची स्मृतिचिन्हं विकतो. त्याचं माझ्यापेक्षा बरं चाललं आहे. नागपुरात सत्कार बारमाही होतात. मी दुपारी जाऊन कोपऱ्यातल्या जुन्या ऐरणीजवळ बसतो. गिऱ्हाईक आलं की मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही बोलू नका." या लेखात पुढे जे येणार आहे ते वाचल्यावर तुम्हालाही त्याचं म्हणणं पटेल.

तलवारवाल्याकडे कोण येतं? बहुतेक नवरदेव. लग्नसराईत आम्ही तलवारी भाड्यानं द्यायचो. एकदा तलवार सर्रकन निघावी म्हणून मी म्यानाला आतून वार्निश मारलं आणि ते वाळायच्या आत तलवार खुपसून दिली. मांडवाच्या दारात तोरणाला तलवार लावायची वेळ आली. नवरदेवानं ओढली, त्याच्या मामानं ओढली, मग दोघांनी दोन्हीकडून ओढली. शेवटी त्यानं म्यानासकट तलवार तोरणाला टेकवली. मुलीकडच्या एका म्हाताऱ्यानं तिथेच मोठ्यांदा विचारलं म्हणे, "जावईबी असाच हाय का?"

दुसरे येत ते झाडीपट्टीच्या नाटकातले. वडशाकडच्या एका नटाला उपसताना खण्ण वाजणारी तलवार हवी होती. खरी तलवार असं काही वाजत नाही, पण त्याला कोण सांगणार? मी मुठीत छोट्या चकत्या बसवून दिल्या. युद्धाच्या प्रवेशात तलवार सुरेख वाजली. मग प्रेमाचा प्रवेश आला. नटानं नायिकेला जवळ घेतलं आणि कमरेची तलवार खणखणायला लागली. तो जितका भावनेत शिरला तितकी ती वाजली. पब्लिकनं वन्समोअर दिला. नट पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही.

पण आज सांगायचं आहे ते जपानी तलवारीचं.

आधी आपली तलवार कशी असते ते थोडक्यात सांगतो. तिची मूठ लोखंडाची, आतून पोकळ. त्या पोकळीत लाख आणि राळ वितळवून भरायची, पात्याचं मागचं टोक गरम करून त्यात खुपसायचं आणि गार होऊ द्यायचं. झाली ती जन्माची गाठ. पुढे कधी काढायचीच झाली तर मूठ आचेवर धरायची, लाख पाघळते, पातं सुटतं. मी आयुष्यभर हेच करत आलो. म्हणून कामठीचे एक निवृत्त कर्नलसाहेब आपल्या वडिलांनी लढाईतून आणलेली तलवार घेऊन आले आणि "मूठ हिल रही है, जरा देखना" म्हणून बाजारात गेले, तेव्हा मी काहीही न बघता ती मूठ आचेवर धरली.

आधी दोरा जळाल्याचा वास आला. मग दुसराच वास आला. शेजारच्या खानावळीचा मालक झारा हातात घेऊन बाहेर आला. "काय गा, दुकानात झिंगे भाजून राहिला का?" मी म्हटलं, नाही ना बाप्पा, तलवार आहे. त्याला ते पटलं नाही. थोड्या वेळानं समोरच्या भिंतीवरून एक मांजर उतरलं आणि पायरीवर येऊन बसलं. मग आणखी आली. महालातली मांजरं इतक्या आदरानं माझ्याकडे पुन्हा कधी बघत बसली नाहीत.

तेवढ्यात कर्नलसाहेब परतले. त्यांनी मांजरं बघितली, आच बघितली, मला बघितलं. "मिस्त्री," ते म्हणाले, "ये तलवार है, भरीत का बैंगन नहीं!"

आच पात्यापर्यंत पोचली नव्हती हे माझं नशीब. मुठीचा एक कोपरा मात्र करपला. दुसरा कुणी असता तर त्यानं मला म्यानानं बडवलं असतं. कर्नलसाहेबांनी बाजूचं स्टूल ओढलं, एक बारीक पितळी दांडी आणि छोटी हातोडी मागितली आणि मुठीच्या बाजूला असलेल्या एका नखाएवढ्याही नसलेल्या ठिपक्यावर टकटक केलं. पलीकडून बांबूची एक खुंटी बाहेर आली. पेन्सिलीपेक्षा बारीक. तिला जपानी लोक मेकुगी म्हणतात. मग त्यांनी डाव्या मुठीत तलवार उभी धरली आणि उजव्या मुठीनं आपल्याच डाव्या मनगटावर दोन हलके गुद्दे मारले. पातं मुठीतून आपोआप वर सरकलं. मूठ निघाली. तिच्यापुढची पातळ चकती निघाली, मग हाताला आडोसा देणारी गोल लोखंडी तबकडी निघाली, तिचं नाव त्सुबा. पुन्हा एक चकती. शेवटी पात्याच्या गळ्यातलं तांब्याचं छोटं कडं निघालं, हाबाकी. ते म्यानाच्या तोंडात घट्ट बसतं, म्हणून तलवार उलटी केली तरी सांडत नाही. कुकरच्या झाकणाची शिट्टी, रिंग वेगळी करून धुवायला टाकावी तशी अख्खी तलवार स्टुलावर मांडलेली. खिळा नाही, लाख नाही, सगळा डोलारा त्या एका बांबूच्या काडीवर.

"असं का?" मी विचारलं.

"क्योंकि बनानेवाले को मालूम था, कोई ना कोई इसे खोलकर पोंछेगा," ते म्हणाले. "और फिर जोड़ेगा."

आपली तलवार एकदा जुळली की कायमची, आणि त्यांची अधूनमधून सोडवून, पुसून, तेलाचं बोट लावून पुन्हा जुळवायची. या दोन पद्धतींवरून संसाराबद्दल दोन शब्द लिहायचा मला फार मोह होतो आहे, पण आमची ही हा अंक वाचते.

आणि तो वास? त्यांची मूठ लाकडाची असते. तिच्यावर एका चपट्या समुद्री माशाचं कातडं ताणून चढवतात. कोकणात त्याला पाकट म्हणतात म्हणे. ते कातडं पांढरं आणि दाणेदार असतं, पापडाच्या लाटीवर साबुदाणे दाबून बसवावेत तसं. त्यावर दोरा असा आडवातिडवा गुंडाळतात की मधून चौकटीचौकटींतून ते दाणे दिसत राहतात. त्या खरखरीत दाण्यांमुळे दोरा घसरत नाही आणि घाम आला तरी हात सुटत नाही. ती करपलेली मूठ कर्नलसाहेबांनी माझ्याकडूनच पुन्हा गुंडाळून घेतली. किती वेळा उसवायला लावली ते सांगत नाही. पण त्यानंतर महालात जपानी तलवार खोलता येणारा मी एकटा होतो, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. खानावळवाल्याला तर तोंडपाठ झालं होतं.

एवढी तयारी झालेल्या माणसाकडे एक दिवस प्रकाश आला. बँकेतला, पन्नाशीचा, शांत गृहस्थ. "मिस्त्री, आमच्या मायकडे एक जपानी तलवार हाय. तिची मूठ खुळखुळ करून राहिली. खंडेनवमीच्या आत बसवून देता का?"

मी म्हटलं, घेऊन या.

"ती घराबाहेर जाऊ देत नाही ना. तुमालेच यावं लागन."

दुसऱ्या दिवशी माझी अवजारांची पिशवी घेऊन मी नंदनवन कॉलनीत त्याच्या घरी गेलो. सोनाबाई, म्हणजे प्रकाशची आई, पंचाहत्तरीच्या. लहानशा, काटक, गळ्यात तुळशीची माळ. देवघर स्वयंपाकघरातच भिंतीला. देवांच्या उजव्या बाजूला लाल फडक्यावर तलवार आडवी ठेवलेली. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचा मुठीवर थर.

"ये बापा, बैस," त्या म्हणाल्या. "पण कुंकू पूर्ण नको पुसू हो."

त्यांनी स्वतः तलवार उचलून माझ्यासमोर पाटावर ठेवली आणि बाजूला बसल्या. मी बांबूची खुंटी ठोकून काढली, मनगटावर गुद्दे मारले, सुटा केलेला एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडला. बघणारं माणूस मिळालं की माझे हात जरा जास्तच ऐटीत चालतात. खुंटी झिजली होती, बाकी काही बिघाड नव्हता. नवी कोरली की काम फत्ते. निघायला हरकत नव्हती.

पण सोनाबाई बोलायला लागल्या होत्या.

"माह्या बाबानं आणली हे. फौजेत मोटार चालवत होता, ब्रह्मदेशात. लढाई सरली तवा त्याच्या साहेबानं देल्ली त्याले. कांबळ्यात गुंडाळून आणली. मी चार वर्साची असन. बाबा मांडीवर घे अन् माह्यं बोट धरून याच्या चौकटीत ठेवे. 'मोज,' म्हणे. मी म्हणत होती, बाबा, हे काय हाय? तर म्हणे, साबुदाणे हायेत बेटा. उपासाच्या दिवशी कामी येतीन."

त्या हसल्या. मीही हसलो.

"पुढच्याच साली तापानं गेला. फोटो नाही, कपडा नाही, काही नाही. तोंड आठवत नाही मले त्याचं. हे दाणे आठवतात."

आता इथे कुठलाही बरा माणूस गप्प बसला असता. चहा प्यायला असता. मी काय केलं? मला वाटलं, बाईंच्या ज्ञानात भर घालावी.

"साबुदाणे कुठले मावशी," मी म्हटलं, "हे माशाचं कातडं आहे! समुद्रातला मासा, हा एवढा चपटा. मी तर एकदा भाजलंही आहे." आणि मी महालातल्या मांजरांची गोष्ट सांगायला घेतली. हातवारे करून. खानावळवाल्याचा आवाज काढून. कर्नलसाहेबांच्या भरताच्या वांग्यापर्यंत आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घरात मी एकटाच हसतो आहे.

सोनाबाईंनी आपला उजवा हात पदराखाली घेतला होता. लपवावा तसा.

त्या उठल्या. मोरीवर जाऊन हात धुतले, कितीतरी वेळ. मग आल्या, देवघरातला एकेक देव उचलून ताटात ठेवला आणि ताट दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं. लाल फडकं दोन बोटांत धरून बादलीत टाकलं. मला वाटलं होतं ओरडतील. तसं काही झालं नाही.

"घेऊन जाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, आत्ता जोडून देतो, नवी खुंटी..."

"नको जोडू. घेऊन जाय म्हणते ना."

मी सगळे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले. सोनाबाई जी वस्तू घराबाहेर जाऊ देत नव्हत्या ती मी रद्दीसारखी काखेत मारून निघालो. फाटकापाशी प्रकाश म्हणाला, "मिस्त्री, तुमाले मूठ बसवाले बोलावलं होतं ना? का लेक्चर द्याले?" त्यानं आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

घरी येऊन हिला सांगितलं. हिनं कणीक मळता मळता सगळं ऐकलं. मला वाटलं म्हणेल, जाऊ द्या, खरं ते खरं. ही म्हणाली, "त्या बाईचा बाप एकदा गेलाच होता. तुम्ही पुन्हा नेला." आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

मी प्रकाशला फोन केला. त्यानं उचलला हेच खूप. मायचं कसं आहे, विचारलं.

"काय सांगू? जेवते, बोलते, सगळं करते. पण पूजा झाली की तिचा हात आपोआप उजवीकडे जाते. तिथं काही नाही ना आता. मंग हात तसाच वापस येते." तो पुढे म्हणाला, "खंडेनवमीले घरच्या साऱ्या वस्तूंची पूजा करते ती. यंदा म्हणते, करून टाक तूच."

त्या हाताचं ऐकल्यावर मला दुकानात स्वस्थ बसवेना. मी समोर ती मूठ घेऊन बसायचो. दोऱ्याच्या एका चौकटीत, अंगठ्याजवळ, दाणे झिजून गुळगुळीत झाले होते. बाकीच्या चौकटींत खरखर, त्या एकाच चौकटीत काच. कुणाचं बोट तिथे इतकी वर्षं फिरलं होतं ते मला सांगायला नको होतं.

मग मला एक युक्ती सुचली. मला युक्ती सुचली की घरचे लोक उठून दुसऱ्या खोलीत जातात, पण त्या दिवशी मला अडवायला कुणी नव्हतं. मी ठरवलं, त्यांच्या बाबांनी जे सांगितलं तेच खरं करून द्यायचं. नवी मूठ बनवायची आणि तिच्यात खरोखरचे साबुदाणे बसवायचे.

सागवानाची मूठ कोरली, ती छानच झाली. हिच्या उपासाच्या डब्यातून वाटीभर साबुदाणा उचलला. आधी जरा भिजवला, चिकट बसेल म्हणून, तर मुठीवर लापशी झाली. मग कोरडाच घेतला, डिंकाचा हात फिरवला आणि चिमट्यानं एकेक दाणा लावत बसलो. मुंग्या आल्या. मुंग्या उडवल्या, वर वार्निशचा हात दिला. जुन्या मुठीचा दोरा मी सोडवला नाही, का कोण जाणे, हात धजेना. इतवारीतून नवा दोरा आणला, जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात उकळला आणि कर्नलसाहेबांनी शिकवला तसा गुंडाळला. चार हातांवरून बघितलं तर ओळखू येत नव्हतं. मी खूश होतो. ही दारातून बघत होती. "साबुदाण्याची किंमत मिळाली तर सांगा," एवढंच म्हणाली.

खंडेनवमीच्या सकाळी नव्या मुठीची तलवार घेऊन गेलो. जुनी मूठ पिशवीत तळाशी होती. दुकानात ठेवून जाववेना.

सोनाबाईंनीच पूजा मांडली होती. प्रकाशला त्यांनी करू दिली नसावी. विळा, खलबत्ता, शिलाई मशीनची कात्री, प्रकाशच्या स्कूटरचे पाने, सगळं धुऊनपुसून पाटावर. मला बघून त्यांनी कात्रीला कुंकू लावणं चालूच ठेवलं. प्रकाशनं डोळ्यांनीच विचारलं, आता काय?

"मावशी," मी म्हटलं, "ते माशाचं मी काढून टाकलं. आता सगळं शुद्ध. खरा साबुदाणा आहे, बाबा म्हणत होते तसाच."

त्यांनी तलवार हातात घेतली. मला हायसं वाटलं. मुठीवर त्यांनी अंगठा ठेवला, थोडा दाबला, एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर नेला. काहीतरी शोधत असल्यासारखा. मग नाकाशी नेली.

"चहाचा वास येऊन राहिला."

मी पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

"हे साबुदाणे हायेत?"

"हो मावशी. उपासाचे. धुतलेले." ते शेवटचं खोटं होतं, पण सवय लागली की माणूस थांबत नाही.

त्यांनी तलवार पाटावर ठेवली. "माह्यं बोट कुठं गेलं याच्यातलं?" त्यांनी विचारलं. "जुनी कुठं हाय?"

मी पिशवीतून काढली. त्यांनी हात पुढे केला नाही. नुसत्या बघत राहिल्या. प्रकाश म्हणाला, "माय, राहू दे ना." त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मासोळी कोणती म्हणाला तू?"

"पाकट, मावशी. खाऱ्या पाण्यातली."

"आपल्या इकडं नाही ते." त्या वाकून दाणे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "प्रकाश, वाटीत पाणी आण."

त्यांनी बोट पाण्यात बुडवलं. मी म्हणणार होतो की मावशी, पाणी नका लावू, खराब होईल. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड उघडून पुन्हा मिटलं. त्यांनी ओलं बोट त्या गुळगुळीत चौकटीवर चोळलं आणि नाकाशी नेलं. डोळे मिटले.

"हाव," त्या म्हणाल्या. "मासोळीच हाय."

आणि त्या हसायला लागल्या. सुरुवातीला मला वाटलं रडताहेत. प्रकाशलाही तसंच वाटलं, तो खाली बसला. पण त्या हसत होत्या, पोट धरून, पदरानं डोळे पुसत.

"आमी ढिवर गा मिस्त्री. रामटेकजवळच्या तलावात बाबाचे शिंगाडे होते अन् जाळं होतं. माय सांगे, डोळे झाकून मासोळी हातात देल्ली तरी नाव सांगे तो. माळ तर माह्या गळ्यात सासऱ्यानं घातली. मंग मले सांग, ब्रह्मदेशातून एवढ्या दूर कांबळ्यात गुंडाळून आणली, रस्त्यात पानीपावसात भिजली असन. बाबाले समजलं नसन काय हे काय हाय ते?"

मांजरांनासुद्धा जे लगेच कळलं ते एका ढिवराला कळलं नसेल, असा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"मंग खोटं काहून सांगितलं तुले?" प्रकाशनं विचारलं.

त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. ओलं बोट त्यांनी अजून तसंच समोर धरलेलं होतं.

"मी मासोळीले भेत होती ना," त्या म्हणाल्या. "जाळ्यात तडफडली की रडत होती, पळून जात होती. अख्खी बस्ती हसे. ढिवराची पोर अन् मासोळीले भेते! बाबा नव्हता हसत." त्यांनी मूठ मांडीवर घेतली, आता पूर्ण हातानं. "फौजेतून आला तवा मी त्याच्याजवळबी जात नव्हती. वळखतच नव्हती त्याले. मले जवळ बसवाले त्याच्यापाशी हेच होतं. मासोळी म्हटलं असतं तर मी आली असती काय?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला झेंडूची माळ बांधून हॉर्न वाजवून बघत होतं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. "चाल, जोड आता. हेच जोड."

मी साबुदाण्याची मूठ उतरवली. कडं, चकती, त्सुबा, चकती, जुनी मूठ. घरून कोरून आणलेली बांबूची नवी खुंटी घातली आणि हातोडीचे दोन टोले दिले. खुळखुळ थांबली. मी ती लाल फडक्यावर, देवांच्या उजवीकडे ठेवायला उठलो.

"तिथं नाही," त्या म्हणाल्या. "देवाले शब्द देल्ला हाय मी. देवाच्या घरात मासोळी चालत नाही. माह्या खाटेपाशी खुंटी हाय, तिथं टांग. माह्या घरात चालते."

"पण माय, इतकी वर्सं पूजा केली ना तू त्याची," प्रकाश म्हणाला.

"चुकली. बापाची पूजा कराची नसते. बापाजवळ बसाचं असते."

मी तलवार खाटेजवळच्या खुंटीला टांगली, मूठ त्यांच्या हाताला येईल अशी. त्या खाटेवर टेकल्या, डोळे मिटले आणि बघता बघता अंगठा आपल्या जागी जाऊन बसला. प्रकाशनं मला चहाचा कप दिला. असं काही बघितलं की मला काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या बाबांना कातडं तर माहीतच होतं, पण त्या दोऱ्याखाली आणखी एक गंमत असते बघा. पितळेचं छोटं नक्षीचं फूल दडवलेलं असतं, हाताला पकड यावी म्हणून. काही ठिकाणी तर त्याच्यात..."

"मिस्त्री," सोनाबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "चहा पी अन् जाय घरी. माह्या बापाले खोटं बोलता येत होतं. तुले खरंबी धड बोलता येत नाही, अन् खोटंबी."